रंगाखालची फळी

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो, आणि मला राग आलेला आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना आवाज जरा कातर करायचा असतो, हे मला ठाऊक आहे. पण ते मला जमणार नाही. माझ्या बाबतीत जे घडले ते आठवले की रडू येत नाही, संताप येतो. तेव्हा आज थोडे रागावलेले बोलणे ऐकून घ्या.

माझा जन्म तलावाच्या काठावरच झाला. ज्या सुताराने मला बांधले तो हाताने कुशल आणि तोंडाने फाटका होता. फळी मनासारखी बसली नाही की तो ती उखडून काढी, तिला चार शब्द सुनावी आणि पुन्हा बसवी. त्याची बायको म्हणे, "अहो, होडी बांधताय की तिच्याशी भांडताय?" तो म्हणे, "आत्ता मी भांडलो तर पुढं पाणी भांडणार नाही." फळ्यांच्या फटींत त्याने कापसाच्या वाती ठोकून बसवल्या आणि वर गरम डांबर ओतले. मी पहिल्यांदा पाण्यात उतरले तेव्हा काठावर बरेच लोक जमले होते. सगळे म्हणाले, "काय देखणी झालीय!" सुतार मात्र काही न बोलता माझ्यात ओणवा होऊन कुठे ओल दिसते का ते बघत होता. कौतुक वेगळे आणि काळजी वेगळी, हे मला त्या दिवशीच कळले.

पुढची कितीतरी वर्षे मी माणसे या काठावरून त्या काठावर नेली. पलीकडे कापडाची गिरणी होती. सकाळच्या पाळीचे कामगार मांडीवर डबे घेऊन दाटीवाटीने बसत. शाळेची मुले पाण्यात हात घालत आणि नावाड्याचा ओरडा खात. एकदा मी एका बाईंचे शिवणयंत्र नेले. एकदा दाताच्या डॉक्टरांची ती मागे कलणारी खुर्ची नेली. एकदा लग्न मोडून माहेरी निघालेली एक मुलगी एकटीच नेली. त्या खेपेला आमचा बडबड्या नावाडी एक शब्दसुद्धा बोलला नाही. एवढ्या वर्षांत माझ्यातून एकही माणूस बुडाला नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. नावाडी दर उन्हाळ्यात मला खरवडून काढी, वाती बदली, डांबर लावी, म्हणून ते झाले.

मग पूल झाला. पूल झाल्यावर होडीला कोण विचारतो? नावाडी थकला आणि मुलाकडे राहायला गेला. मी काठावरच्या झाडाखाली पडून राहिले. माझ्यात पालापाचोळा साचला, मुंग्यांनी वारूळ केले आणि तळाची मागची एक फळी हळूहळू आतून कुजली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. काम संपले की वस्तू बाजूला पडते, हा जगाचा नियम आहे. पडून राहण्याचा मला राग येत नाही, मित्रांनो. कुजलेली असताना मला धडधाकट म्हणून उभे केले, त्याचा येतो.

झाले असे की, शहरातल्या हौशी लोकांनी एक क्लब काढला. आधी तलावात पोहायचे, मग तसेच ओल्या अंगाने सायकलवर बसायचे, आणि सायकल टाकली की धावत सुटायचे, अशी त्यांची तीन टप्प्यांची शर्यत असे. तिला ते ट्रायथलॉन म्हणत. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटले, यांच्या मागे कुत्रेच लागले आहे. पण माणसे चांगली होती. कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, कोणी निवृत्त. रविवारी सकाळी काठावर त्यांची नुसती किलबिल असायची.

क्लबचा अध्यक्ष रंगाच्या दुकानाचा मालक होता. सायकलींच्या घोळक्यात तो सगळ्यांच्या पुढे असे, म्हणून त्याला सगळे कॅप्टन म्हणत. दिसायला रुबाबदार, बोलायला गोड. "आपला क्लब म्हणजे एक कुटुंब," हे वाक्य तो दिवसातून अनेकदा म्हणायचा. तलावात पोहण्याची शर्यत घ्यायची तर काठावर सुरक्षेची होडी हवी, असा नगरपालिकेचा नियम होता. कॅप्टनला झाडाखाली पडलेली मी दिसले आणि त्याचे डोळे चमकले.

त्याने दुकानातला रंगारी आणला. रंगाऱ्याने मला उलटसुलट करून बघितले आणि मागच्या फळीवर नखाने टोकरले. "साहेब, ही फळी गेलीय."

"लांबी भर आणि रंग मार," कॅप्टन म्हणाला.

लांबी म्हणजे भिंतीची भोके बुजवायला रंगारी वापरतात तो मऊ लगदा. भिंतीला तो ठीक आहे. भिंत काही पोहायला जात नाही! पण रंगाऱ्याने सांगितले तसे केले. माझ्या कुजलेल्या फळीवर लगदा थापला, त्यावर भडक नारिंगी रंगाचे दोन हात दिले, आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत लिहिले: सुरक्षा. लोक म्हणाले, "वा कॅप्टन, होडीचं सोनं केलंत!" मला ती अक्षरे अंगावर डाग दिल्यासारखी भाजत होती.

आणि मग ती आली.

ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, नस शोधायची आणि सुई टोचायची. म्हणून सगळे तिला सुईवाली म्हणत. तिच्या जिभेवरून ते नाव पडले असेही काही जण सांगत. रांगेत मध्येच घुसणारा, जिन्यात चपला पसरणारा, पेशंटशी उर्मटपणे बोलणारा, कोणीही तिच्या तडाख्यातून सुटत नसे. तिची लेक कॉलेजात शिकत होती आणि क्लबमधली एक नंबरची पोहणारी होती. लेकीनेच आईचे नाव क्लबात घातले. ती आईला म्हणाली होती, "आई, रविवारी क्लबला येत जा. पोह, सायकल चालव, धाव. तो राग कुठंतरी खर्च होऊ दे. बाबांनी आणि मी मिळून किती झेलायचा?"

सुईवाली पहिल्या दिवशी आली ती भावाची जुनी, कॅरियरवाली सायकल घेऊन. कॅप्टनने सायकलकडे वरपासून खालपर्यंत बघितले.

"या, ताई, या! आपला क्लब म्हणजे एक कुटुंबच. सायकल मात्र बदलावी लागेल हं."

"का? हिला चाकं दोनच आहेत म्हणून?"

लोक हसले. कॅप्टनही हसला, पण ते हसू दातांच्या मागे गेले नाही.

क्लबची एक पद्धत होती. नव्या सभासदाने सुरुवातीचे काही रविवार पाण्यात उतरायचे नाही. होडीत बसून पोहणाऱ्यांवर नजर ठेवायची. त्यामुळे सुईवाली माझ्याकडे आली. याआधीचे सगळे जण माझ्यात बसले की मोबाइल काढत किंवा ऊन खात. हिने बसल्याबरोबर खाली बघितले. तिच्या बुटांभोवती पाणी होते. तिने डब्याने पाणी उपसले. थोड्या वेळाने ते पुन्हा आले. तिने पुन्हा उपसले. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तिने माझ्या तळावरची पाय ठेवायची लाकडी जाळी उचलली आणि मागच्या फळीवर अंगठा दाबला. लांबीचा पापुद्रा सुटला. अंगठा निम्मा आत गेला.

"अगं बाई," ती माझ्याशी बोलली, "तुला तर आतून पोखरलंय!"

मित्रांनो, इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्या दुखण्याला दुखणे म्हटले. मला वाटले, सुटले मी!

ती ओल्या बुटांनी थेट कॅप्टनकडे गेली. मी काठालाच होते, मला सगळे ऐकू येत होते.

"कॅप्टन, होडीची मागची फळी कुजलीय. अंगठा आत जातो."

"होडी म्हटली की थोडं पाणी येणारच, ताई."

"थोडं नाही. चार माणसं बसली तर फुटेल. माझ्या ओळखीचा सुतार आहे, मी त्याला घेऊन येते."

"क्लबच्या वस्तूला असा परस्पर हात लावता येत नाही. कमिटीत ठराव व्हावा लागतो. आणि शर्यत तोंडावर आलीय. फळी बदलायची तर होडी आधी वाळवायला हवी. तोपर्यंत होडी नाही, आणि होडी नाही तर परवानगी नाही. शर्यत होऊन जाऊ दे, मग बघू निवांत."

"म्हणजे होडी परवानगीपुरती पाहिजे. बुडणाऱ्यासाठी नको."

कॅप्टनने मान तिरकी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "ताई, तुम्ही क्लबमध्ये राग कमी करायला आलात ना?"

सुईवालीने लेकीकडे बघितले. घरातली गोष्ट बाहेर कोणी सांगितली ते तिला समजले. लेक सायकलच्या चाकात हवा भरत होती. चाक टणक झाले होते तरी ती भरतच राहिली. तिने मान वर केली नाही.

क्लबात एक निवृत्त पोस्टमास्तर होते. ते सगळ्यांच्या शेवटी पोहत आणि तलावाच्या मध्यावर दम लागला की माझा काठ धरून थांबत. माझी गरज सगळ्यांत जास्त त्यांना होती. त्या दिवशी सगळे पांगल्यावर ते हळूच सुईवालीजवळ आले. "बाई, तुमचं अगदी बरोबर आहे. मीही पाहिलंय ते पाणी."

"मग कमिटीत बोला ना."

"मी म्हातारा माणूस. उगीच कशाला वाईटपणा घ्या?"

उगीच कशाला वाईटपणा घ्या! या एका वाक्याने जगात जेवढे बुडाले असतील तेवढे वादळाने बुडाले नसतील. मनातून निम्मा क्लब सुईवालीच्या बाजूचा होता. तोंडातून कोणीच नव्हता. उलट त्या दिवसापासून सगळे तिला पाण्यात पाहू लागले. ती आली की गप्पा थांबत. सायकलींच्या घोळक्यात तिला मागे टाकत. आणि कॅप्टनने काय केले, ऐका. त्याने रंगारी पुन्हा बोलावला, फळीवर आणखी जाड लगदा थापला, वर रंगाचा तिसरा हात मारला, आणि मला साखळीने झाडाला बांधून कुलूप घातले. किल्ली स्वतःच्या खिशात.

शर्यतीच्या दिवशी काठ माणसांनी फुलून गेला होता. आडव्या दांड्यांना सायकली ओळीने टांगल्या होत्या; प्रत्येक सायकलीखाली बूट, टॉवेल, पाण्याची बाटली. पोहणारे रंगीत टोप्या घालून, दंडावर आकडे लिहून घेऊन उभे होते. सगळ्यांत आधी लहान मुलांची फेरी होती. मुलांचे आईबाप काठावर दाटीने उभे होते. दूर पाण्यात वळणाची खूण म्हणून एक पिवळे पिंप तरंगत होते.

कॅप्टनने कुलूप काढले. दोघे जण मला पाण्यात ढकलायला वाकले. तेवढ्यात सुईवाली पुढे आली. तिच्याही दंडावर आकडा होता. तिने माझा दोर मनगटाला गुंडाळला आणि ती पाय रोवून उभी राहिली.

"ही होडी घेऊन शर्यत होणार नाही."

"ताई, पाहुणे आलेत," कॅप्टन दातओठ खात हळू आवाजात म्हणाला.

"मग पाहुण्यांनाही सांगा. हिच्या वर रंग आहे आणि खाली भुसा आहे. पाण्यात मुलं असणार आहेत. एखाद्याचा दम तुटला, त्याला हिच्यात घेतला आणि ही फुटली, तर कोण कोणाला काढणार?"

आईबापांत चुळबुळ सुरू झाली. कॅप्टनने चटकन माइक तोंडाशी धरला. "मंडळी, काळजी नको. आमच्या या ताईंना राग जरा लवकर येतो. लॅबमध्ये रोज दुसऱ्यांचं रक्त काढतात, आज आमचं काढतायत."

हशा पिकला. मुलांचे आईबापही हसले. हसणारी तोंडे मी एकेक करून बघत होते. माझ्या अंगात हाडे असती तर ती कडकड वाजली असती.

पोहणाऱ्यांच्या रांगेतून लेक धावत आली. तिचा चेहरा लाजेने लाल झाला होता. "आई, पुरे. घरी चल."

"तू बाजूला हो."

"सगळे हसतायत आपल्याला!"

"हसू दे. खुशाल हसू दे." सुईवालीने दोराला आणखी एक वेढा दिला. ती कॅप्टनकडे वळली. "होडी चांगली आहे ना? मग तुम्ही बसा. त्या पिवळ्या पिंपापर्यंत जाऊन या. मी याच माइकवर माफी मागते आणि क्लब सोडते."

"बसा हो, कॅप्टन!" गर्दीतून कोणीतरी ओरडले. मुलांना तर खेळच मिळाला. ती टाळ्या वाजवत ओरडू लागली, "बसा! बसा!"

कॅप्टनने पाण्याकडे बघितले. अनोळखी कुत्र्याकडे माणूस बघतो तसे. क्लबात त्याला पोहताना कोणी पाहिलेच नव्हते. "मी सायकलचा माणूस," असे तो म्हणे आणि सगळ्यांना ते पुरे वाटे. पण आता माघार घेतली तर अब्रू जात होती. तो हसत हसत माझ्यात चढला. "वल्हवायला कोण येतंय?"

"मी येते, काका," लेक म्हणाली.

"तू बसायचं नाहीस!" सुईवाली किंचाळली.

"का? तुझा राग खरा ठरावा म्हणून?"

लेकीने आईच्या मनगटावरचा दोर स्वतःच्या हाताने सोडवला. आईने तिचा दंड धरला, तो झटकून ती माझ्यात चढली. बाकाखाली तरंगायची जाकिटे कोंबलेली होती. ती दोघांपैकी कोणीही घातली नाहीत. कॅप्टनला फोटोत टी-शर्टवरचे क्लबचे नाव दिसायला हवे होते.

मित्रांनो, तेव्हा माझी काय अवस्था झाली ते सांगते. सुईवाली खरे बोलत होती. ते खरे ठरायचे तर मी फुटायला हवे होते. आणि माझ्या पोटात तिचीच लेक बसली होती. मी सगळ्या फळ्या आवळून धरायचा प्रयत्न केला. पण लाकडाच्या मनात असून काय उपयोग? आपली फळी आपल्याला बदलता येत नाही. ते काम ज्यांचे होते ते माझ्यात बसून फोटोसाठी हसत होते.

अर्ध्या वाटेवर पाणी लेकीच्या पावलांवर आले. तिने खाली बघितले. तिचे वल्हे थांबले. "काका, पाणी येतंय. परत फिरू या."

"पिंपापर्यंत चल. सगळे बघतायत."

"काका, खरंच येतंय!"

"अगं, चल म्हणतो ना!" असे म्हणून काठावरच्या लोकांना हात करायला तो उठून उभा राहिला. त्याची टाच जाळीवरून घसरून नेमकी मागच्या फळीवर पडली. कडाड्कन आवाज झाला आणि त्याचा पाय गुडघ्यापर्यंत माझ्या तळातून आरपार गेला. रंग, लांबी, भुसा, सगळे एकदम सुटले. खालून पाण्याचा लोंढा वर आला. मी एका अंगावर कलले आणि दोघेही पाण्यात पडले.

लेक पोहून सहज काठ गाठू शकली असती. पण कॅप्टनने तिच्या गळ्याला मिठी मारली. बुडणारा माणूस काय धरतो याचे त्याला भान नसते. त्याने तिला दाबले, ती खाली गेली, वर आली, एक घोट हवा घेतली, आणि पुन्हा खाली गेली. माइक जमिनीवर पडून नुसता शिट्टी मारत होता.

सुईवालीने बूट काढले नाहीत की टोपी घातली नाही. ती तशीच पाण्यात शिरली. ती पोहत नव्हती, मित्रांनो, पाणी फाडत येत होती. तिच्या मागोमाग रांगेतले चारपाच जण शिरले. ती पोचली तेव्हा लेकीची फक्त बोटे पाण्यावर दिसत होती. सुईवालीने कॅप्टनची मनगटे धरली आणि जीव एकवटून पिरगाळली. "सोडा तिला! होडीला धरा! लाकूड आहे ते, बुडत नाही! माझ्या लेकीला सोडा, होडीला धरा!"

त्याने माझा काठ धरला. माझ्यात गळ्यापर्यंत पाणी भरले होते. पण मी तळाला गेले नाही. जुन्या सुताराने निवडलेले लाकूड होते ते. माझा एक काठ धरून कॅप्टन लोंबकळत होता, दुसरा काठ धरून लेक खोकत होती आणि आईने तिला मागून कवटाळले होते. बाकीच्यांनी ढकलत ढकलत आम्हा सगळ्यांना काठाला आणले.

काठावर सुईवाली लेकीचे तोंड पुसत होती, तिच्या पाठीवर थापट्या मारत होती आणि एकसारखी बोलत होती. "ऐकायचं नाही. कधी म्हणून ऐकायचं नाही. दुखतंय का गं? दाखव इकडे. ऐकायचंच नाही ना!" लेक आईच्या ओल्या खांद्यावर तोंड लपवून बसली.

आणि कॅप्टन? पोटातले पाणी ओकून झाल्यावर त्याच्या तोंडून पहिला शब्द काय निघाला असेल?

"होडीच कुजकी निघाली."

निघाली! जणू कोणालाच ठाऊक नव्हते! जणू रंगारी बोलला नव्हता, सुईवाली बोलली नव्हती, आणि किल्ली दुसऱ्याच कोणाच्या खिशात होती! तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मला तळपाय नाही, मस्तक नाही, आणि तळाला तर भलेमोठे भोक पडलेले. तरी ती आग गेली.

पोहणे रद्द करून त्यांनी त्या दिवशी सायकल आणि धावणे उरकले. चषक वाटले. संध्याकाळपर्यंत गोष्टीने रूपच बदलले होते. कॅप्टनने मुलांच्या काळजीपोटी स्वतःचा जीव धोक्यात घालून होडीची चाचणी घेतली, असे लोक एकमेकांना सांगू लागले.

पुढच्या रविवारी क्लबच्या शेडमध्ये बैठक भरली. मी दाराशीच पडले होते. कॅप्टनने घसा साफ केला. "ताईंच्या हेतूबद्दल शंका नाही. पण शिस्त म्हणून काही असतं. पाहुण्यांसमोर आरडाओरडा करून त्यांनी क्लबची बदनामी केली. त्यांनी हाच मुद्दा चांगल्या भाषेत मांडला असता तर आम्ही नक्की ऐकलं असतं. कमिटीने त्यांचं सभासदत्व रद्द करायचं ठरवलंय."

"चांगल्या भाषेतच मांडला होता," सुईवाली म्हणाली. "पहिल्या वेळी. तेव्हा तुम्ही माझ्या रागावर बोट ठेवलंत."

तेवढ्यात लेक उठली. तिने गळ्याभोवतीचा रुमाल सोडला. मानेवर काळेनिळे वळ होते.

"ही तुमची बोटं आहेत, काका," ती म्हणाली. "बुडताना माणूस कोणालाही धरतो, त्याचा मला राग नाही. पण आईने सांगितलेलं तुम्हाला आधीपासून माहीत होतं. ती ओरडली नसती तर तुमच्या जागी एखादं लहान मूल असतं. आणि मी सगळ्यांबरोबर मिळून तिलाच गप्प बसवत होते. माझंही नाव काढा."

ती आईचा हात धरून बाहेर पडली. मग कॅप्टन म्हणाला, "आणि ती होडी फोडून टाका. अपशकुनी आहे." चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही!

तेव्हा पोस्टमास्तर उठले. आयुष्यात पहिल्यांदा उठले असावेत. "मला द्या. घरी जळणाला होईल," ते म्हणाले. कोणाची हरकत नव्हती. त्यांनी एक टेम्पो बोलावला, मला त्यात घातले, आणि जळणाची होडी थेट सुईवालीच्या दारात नेऊन उतरवली. दार उघडल्यावर ते तिला म्हणाले, "बाई, त्या दिवशी बोलायला हवं होतं. आता खोटं बोलून आलोय, तेवढं तरी गोड मानून घ्या."

"गोड कशाला? दुसरीकडून धरा तिला," ती म्हणाली.

तिच्या ओळखीच्या सुताराने माझा सगळा नारिंगी रंग खरवडून काढला. ती सुरक्षा नावाची अक्षरेही गेली. मला हलके वाटले. कुजकी फळी निघाली, नवी बसली. मला वाळवायला महिने लागले आणि कोणी घाई केली नाही. आता मी तलावाच्या पलीकडच्या काठावर, बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीशी असते. रविवारी तिथे काही माणसे जमतात. झाडांना सायकली टेकवतात, पोहतात, मग सायकलीवरून पुलापर्यंत जाऊन येतात, मग धावतात. क्लबातले बरेच जण एकेक करून इकडे आले. या जमावाला नाव नाही, अध्यक्ष नाही. सुईवालीचा राग मात्र आहे तसाच आहे. पोहण्याने तो तसूभरही कमी झालेला नाही, हे मी शपथेवर सांगते. कॅप्टनच्या क्लबने म्हणे एक रबरी होडी आणली आहे. बैल गेला नि झोपा केला! तिच्यात हवा भरून एकदा फोटो काढला आणि ती कपाटात ठेवून दिली. किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे मी सांगायला नको.

मित्रांनो, तुमच्याही आसपास माझ्यासारखे पुष्कळ जण असतील. शाळेच्या जिन्याचा हलणारा कठडा, बसचे नीट न लागणारे दार, मैदानातला गंजलेला झोपाळा. त्यांना नवा रंग दिसला की लगेच टाळ्या वाजवू नका. खाली वाकून बघा. आणि वाकून बघणारा कोणी ओरडला, तर त्याचा आवाज किती चढला ते मोजत बसू नका. तो काय सांगतो आहे ते आधी ऐका.

गेल्या रविवारी बँकेतला एक कारकून नवी कोरी सायकल घेऊन आला. त्याला आमच्यात यायचे होते. पोहून झाल्यावर सगळे तळ तपासायला मला पालथी घालायला जमले, तेव्हा तो हसून म्हणाला, "होडी तर कोरडी ठणठणीत आहे. दर वेळी उलटी कशाला घालायची?"

सुईवालीने तोंड उघडले, पण लेक तिच्या आधी कडाडली. "पाणी आल्यावर बघायला अक्कल लागत नाही, काका! बघायचं असतं ते कोरडी असताना. चला, धरा तिकडून!"

कारकुनाने मुकाट्याने सायकल खाली ठेवली आणि माझा काठ धरला.